कमानीखालचा चहा

कट्ट असा आवाज झाला आणि माझ्या चहात चुन्याचा खडा पडला.

आम्ही पाच माणसं धर्मशाळेच्या दारातल्या दगडी कमानीखाली बसलो होतो. कमान नव्याने बांधली होती, आणि तिला आधार दिलेला लाकडी सांगाडा सुताराने नुकताच पाचरी ठोकून चार बोटं खाली उतरवला होता. म्हणजे आता कमान स्वतःच्या जोरावर उभी होती, किंवा नव्हती. सांगाड्याच्या पट्ट्यांमधल्या फटीतून मी वर पाहिलं. मधल्या दगडाच्या डावीकडच्या सांध्यात केसाएवढी काळी रेघ होती. घटकेपूर्वी ती नव्हती.

"कुणी उठायचं नाही," बाबा म्हणाले. "सांगाडा नुसता टेकलाय. पळताना कुणाचा पाय टेकूला लागला तर तो डोक्यात बसेल. मग कमान नाही पडली तरी तुम्ही मराल."

यमुनाने माझा दंड धरला. "आक्का, मेलो आपुन."

"मर, पण दंड सोड," मी म्हटलं. "चहा सांडतोय."

हे काही मी धीराने म्हटलं नव्हतं. ती रेघ माझ्यामुळे पडली आहे हे मला ठाऊक होतं, आणि अशा वेळी तोंडाला येईल ते माणूस बोलतं.

बाबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंत चाटत होते.

मागच्या सिंहस्थाच्या आधीची गोष्ट. नाशकात पेठ रोडला ही धर्मशाळा. पेठ-सुरगाण्याकडून गोदावरीला येणारी माणसं पूर्वी तिथे उतरायची. नंतर जीपगाड्या झाल्या, माणसं सकाळी येऊन संध्याकाळी परत जायला लागली, आणि धर्मशाळेत कबुतरं राहिली. मी आणि यमुना तेव्हा नाक्यावर मजुरीला उभ्या राहायचो. मी पेठकडची, ती सुरगाण्याची. एका सकाळी टेम्पोवाला म्हणाला, धर्मशाळेची दुरुस्ती निघालीय, चुन्याच्या कामाला दोन बाया पाहिजेत. गेलो तर पंचाहत्तरीचा एक उंच, वाळका म्हातारा, दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला, डोळे मिटून भिंतीला जीभ लावून उभा.

यमुना म्हणाली, "चल माघारी."

मी म्हटलं, "चाटतोय, चावत नाय. थांब."

काम येतं का, आधी कुठे होतात, असलं त्यांनी काही विचारलं नाही. पिशवीतून नागलीचं पीठ काढलं, चुलीवरचा तवा दाखवला आणि म्हणाले, "भाकरी थापा." मला वाटलं स्वयंपाकाला ठेवताहेत. थापली. त्यांनी ती उजेडाकडे धरून काठ गोल फिरवून पाहिला. नागलीची भाकरी पाणी कमीजास्त झालं की काठाला उलते. माझी नव्हती उलली. "तुझ्या हाताला पाणी कळतं," ते म्हणाले. "चुना तू कालवायचास." यमुनाच्या भाकरीला तीन चिरा होत्या. तिला घमेली वाहायला ठेवलं.

मग दोन्ही भाकऱ्या ते दह्याशी खाऊन गेले. पुढे आमच्या लक्षात आलं, नवीन माणूस पारखायचा असला की त्या दिवशी बाबा डबा आणत नसत.

दही लागायचंच त्यांना. चुना मुरलाय का, त्यात काय कमी आहे, हे ते जिभेवर घेऊन ठरवत, आणि त्यामुळे जीभ कायम सोललेली. तिखट चालत नव्हतं. मिसळीच्या हॉटेलसमोरून जाताना मान दुसरीकडे वळवत. मी एकदा विचारलं, "बाबा, बोटाने नाय का कळत?" तर म्हणाले, "बोट खोटं बोलतं. त्याला मालकाला खूश ठेवायचं असतं."

अंगणात चुन्याचे तीन हौद होते. भट्टीतून आणलेल्या चुन्याच्या कळ्या पहिल्या हौदात पाणी घालून विरवायच्या, मग तो चुना महिना महिना पाण्याखाली मुरत ठेवायचा. पहिल्या हौदाला बाबा म्हणत पाळण्यातला, दुसऱ्याला शाळेतला, तिसऱ्याला लग्नाचा. फक्त लग्नाचा चुना भिंतीला लावायचा.

मी म्हटलं, "शाळेतलाच घ्या की. मला पण चौथीतूनच उचलून बोहल्यावर उभी केली होती."

"मग? टिकलं?"

"मी टिकले. नवरा नाय टिकला."

त्यावर ते इतके हसले की हौदात पडता पडता राहिले. नंतर आठवडाभर, जो येईल त्याला ते हे सांगत होते. मला तो विनोद वाटला नव्हता.

भिंतींशी ते अहो-जाहो बोलत. सकाळी आले की हात फिरवून, "काय बाई, आज कोरड्या दिसताय? पाणी मिळालं नाही वाटतं?" असं विचारत, आणि ते आम्हाला ऐकवण्यासाठी असायचं. ओला गिलावा पोत्यांनी झाकून ठेवायचा, दिवसातून तीनदा शिंपायचा. शिंपायला उशीर झाला तर म्हणत, "त्यांना ताप चढलाय, आणि तुम्ही गप्पा मारताय." धर्मशाळेच्या ट्रस्टच्या सेक्रेटरीला मात्र अरे-तुरे. तो गोरा, गुबगुबीत माणूस पांढऱ्या कपड्यांत, अत्तर लावून यायचा. बाबा लांबूनच ओरडत, "तिथेच थांब! तुझ्या वासाने चुना नासतो."

आणि सिमेंट हा शब्द त्यांच्या कामावर चालत नव्हता. ज्याच्या तोंडून निघेल त्याने नळावर जाऊन सात चुळा भरायच्या. सगळ्यात जास्त चुळा सलीमभाईने भरल्या. तो गवंडी, हात सोन्यासारखा, पण आयुष्यभर बिल्डरांकडे काम केलेलं, तोंडात तोच शब्द बसलेला. एकदा रोज्याच्या महिन्यात त्याच्याकडून शब्द गेला. म्हणाला, "बाबा, रोजा हाय. तोंडात पाणी कसं घेऊ?"

"नमाजाआधी वजू करताना घेतोस ते काय असतं? तसंच घे. आणि तसंच थुंक."

सलीमभाई नळाकडे गेला. "कहां से लाये ये आदमी को," असं पुटपुटत होता, पण मोजून सात भरल्या.

एवढा राग कशाचा, तर बाबा स्वतः तीस वर्षं सिमेंटचेच ठेकेदार होते. अंबडला कारखान्यांच्या शेड बांधल्या, बंगले बांधले. मग एकदा रस्त्यासाठी एक जुनी चुन्याची भिंत पाडायचं काम घेतलं. मशीन लावलं. तीन दिवस भिंत हलेना, मशीनची टोकं मोडली. चौथ्या दिवशी बाबांनी तिचा एक तुकडा खिशात घातला आणि ठेका सोडला. तो तुकडा त्यांच्या खिशात कायम असे. देवाचा अंगारा दाखवावा तसा काढून दाखवत. "हिने माझी इज्जत घेतली," म्हणत. राहायला ते मुलाच्या घरी होते. ते घर त्यांनीच बांधलेलं आणि पावसाळ्यात गळायचं. "माझ्या पलंगावर बादली झोपते," म्हणायचे. "मी खाली झोपतो. केलं ते भरतो."

आता गुळाचं सांगते.

चुन्यात नुसता चुना आणि वाळू नसते. बेलफळाचा गर, मेथीचं पाणी, उडदाचं पीठ, आणि गूळ. गूळ भिजवून त्याचं पाणी घातलं की चुना चिवट होतो, हाताला धरतो. बाबा ढेपा आणून माझ्या ताब्यात देत आणि बजावत, "हा भिंतीचा घास आहे. यातला खडा कुणी तोंडात टाकायचा नाही."

पण कामावर चहा व्हायचा, साखर कुणी आणत नव्हतं, आणि मी काही ऋषी नाही. पहिल्या दिवशी सुपारीएवढा घेतला. मग लिंबाएवढा. मग चहा दोनदा व्हायला लागला. सगळे प्यायचे. बाबाही प्यायचे. "चहा चांगला करतेस," एवढंच म्हणायचे. गोडी कुठून आली, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारा भोळा आहे.

दाराची कमान वाकली होती, म्हणून ती उतरवून परत बांधायची होती. दगडांवर क्रमांक मी घातले, कारण आकडे मला नीट येतात. सेक्रेटरीला कमानच नको होती. सिंहस्थाच्या आधी सगळं पाडून स्लॅबचा हॉल करायचा, असं त्याच्या मनात. तो म्हणाला, "बाबा, उन्हाळ्याच्या आत कमान उभी दिसली पाहिजे. पडली किंवा तडकली तर मी ट्रस्टला सांगणार, बस झालं."

"सांग," बाबा म्हणाले. "सांगाडा काढायच्या दिवशी मी कमानीखाली चहा पीत बसणार. ज्याचा ज्याचा हात तिला लागलाय ते सगळे बसणार. जुने गवंडी असंच करायचे. पडली तर आमच्यावरच ओत तुझा स्लॅब."

हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

वरचे शेवटचे दगड बसवायचा दिवस नेमका संक्रांतीचा आला. मी आदल्या संध्याकाळी गुळाची उरलेली ढेप घरी नेली आणि लाडू वळले. पूर्ण ढेप. यमुनाने तीळ आणले होते, ते चांगले होते, मग गूळ कमी कशाला घालायचा? वाटलं, सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून थोडा आणून चुन्यात घालू. सकाळी दुकान बंद. चुना बिनगुळाचा कालवला.

सलीमभाईने थापी लावली आणि माझ्याकडे पाहिलं. "आक्का, आज माल धरत नाय. भुरभुरतोय."

मी त्याला लाडू दिला आणि खरं सांगितलं.

त्याने लाडू खाल्ला. मग म्हणाला, "बाबा चाखणार. दोघंबी घरी जाणार आपण." आणि पोत्यांच्या ढिगाखालून सिमेंटची अर्धी पिशवी काढली. कुठून आली ते मी विचारलं नाही. एक घमेलं त्याने कालवलं आणि मधल्या दगडाच्या डाव्या सांध्यात भरलं. मग त्यालाच भीती वाटली, पिशवी त्याने परत ढिगाखाली सारली. बाकीच्या सांध्यांना पुरेल एवढाच आदल्या दिवशीचा, ओल्या पोत्याखाली ठेवलेला चुना होता, तो लावला.

तेवढ्यात बाबा आले. यमुनाने त्यांच्या हातावर लाडू ठेवले. तीन खाल्ले त्यांनी. मग शिडीवर चढले, सांध्यातला माल बोटाने घेऊन जिभेवर ठेवला, डोळे मिटले.

सलीमभाई मनात काहीतरी म्हणत होता. मीही म्हणत होते.

"वा," बाबा म्हणाले. "आज गूळ अगदी बरोबर पडलाय."

दीड महिन्याने आम्ही कमानीखाली बसलो. बाबा, सलीमभाई, यमुना, मी. सुतार बाहेर पाचरीशी उभा. सेक्रेटरी मोबाईलवर फोटो काढायला आला होता, बाबांनी त्याला मनगट धरून आत ओढलं. "माझा कुठे हात लागलाय?" तो म्हणत होता. "बस," बाबा म्हणाले, "लागला नसेल तर आज लागेल." मी चहा ओतला. सुताराने ठोकलं. आणि कट्ट.

ते सुरुवातीला सांगितलंच.

बाबांच्या तोंडावरचा रंग गेला होता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ते वर पाहत हळू आवाजात म्हणाले, "चुना असा बोलत नाही. चुना दबतो, तडकत नाही. काय घातलंय त्यात?"

मग मीच म्हटलं, "बाबा, गूळ नाय घातला. मी घेतला."

"ते मला ठाऊक आहे. चहाला घेतेस. पहिल्या आठवड्यापासून मी दुप्पट गूळ आणतोय, अर्धा भिंतीला, अर्धा तुम्हाला."

मला इतका राग आला की कमान विसरले. इतके महिने मी चोरासारखी पदराआड गूळ फोडत होते, आणि हा माणूस मजा बघत होता.

"त्या दिवशी सगळाच घेतला," मी म्हटलं. "लाडवात. तुम्ही तीन खाल्ले."

"गुळावाचून तडा जात नाही. चुना आहे तो, पेढा नाही. आणखी काय?"

सलीमभाई खाली बघत म्हणाला, "सिमेंट. एक घमेलं. डाव्या सांध्याला."

"सिमेंट?" बाबा म्हणाले. "माझ्या कामावर सिमेंट आलं कुठून?"

"सायबांनी दिलं. म्हणाले, बाबाला नको सांगू, कमान लवकर सुकेल."

"मी भल्यासाठी दिलं होतं!" सेक्रेटरी ओरडला. "सिमेंट काय विष आहे का?"

"हळू बोल," बाबा म्हणाले. "वर ऐकताहेत."

मग त्यांनी एकेकाला बाहेर काढलं. पहिला नंबर सेक्रेटरीचा. "हा सगळ्यात जाड. हा टेकूला न लागता गेला तर कुणीही जाईल." तो पांढऱ्या कपड्यांत, हातापायांवर, ओल्या चुन्यातून रांगत गेला. सुतार बाहेरून "डावीकडे साहेब, अजून डावीकडे" असं सांगत होता, आणि मला अजून खात्री आहे की तो त्याला मुद्दाम चुन्यातून नेत होता. मग यमुना. मग सलीमभाई, तो दोनदा थांबून बाबांकडे वळला आणि दोनदा बाबांनी हाताने 'जा' केलं.

"आता तू," ते मला म्हणाले.

"तुम्ही?"

"मी बसणार म्हणून सांगितलंय. अजून चार बोटं उतरवल्याशिवाय कळणार नाही, बाकीचे सांधे धरताहेत का."

"माझा गुडघा उठत नाय."

"खोटं बोलतेस."

"बोलते. चुना कुणी कालवला होता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कप पुढे केला. मी उरलेला चहा त्यात ओतला. थंड झाला होता. त्यांनी बाहेर आवाज दिला, "सुतार, चार बोटं."

पहिला ठोका. सांगाडा खाली सरकला, वरून भुकटी पडली. दुसरा ठोका. बाबा कमानीच्या पायाच्या दगडाला कान लावून होते. डॉक्टरसारखे नव्हे, दाराला कान लावणाऱ्या शेजारणीसारखे. तिसरा. मी ती रेघ बघत होते. ती वाढते का, एवढंच. आयुष्यात कशाकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. रेघ तेवढीच राहिली.

"बसलात का, बाई?" बाबा दगडाला म्हणाले. "बसा. सावकाश बसा." मग मला म्हणाले, "बाकीचे सगळे सांधे थोडे थोडे दबले. हा एकटा अडून राहिला, म्हणून तडकला. बाहेर चल."

बाहेर आल्यावर त्यांनी सगळ्यांना नळाकडे नेलं. कमानीखाली तो शब्द किती जणांनी उच्चारला, हे त्यांनी त्या अवस्थेतही ध्यानात ठेवलं होतं. सलीमभाईने सात चुळा भरल्या. चुन्याने माखलेला सेक्रेटरी "मी ट्रस्टचा सेक्रेटरी आहे" असं म्हणत म्हणत सात भरून मोकळा झाला. बाबांनी स्वतः चौदा भरल्या, कारण ते दोनदा म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईने तो सांधा छिन्नीने कोरून काढला आणि चुन्याने भरला. गूळ बाबांनी स्वतः माझ्यासमोर फोडून घातला, आणि उरलेला माझ्या हातात ठेवला. "चहाचा," म्हणाले. मला त्यानंतर तो चहा तितका गोड लागला नाही. सेक्रेटरीने स्लॅबचं नाव परत काढलं नाही. काढलं असतं तर मी त्या पिशवीचं काढलं असतं, आणि ते त्याला कळत होतं.

सिंहस्थात त्या दारातून किती माणसं गेली असतील कोण जाणे. कुणी वर पाहत नव्हतं. बाबा दारात स्टूल टाकून बसायचे, आणि कुणी चपला घालून उंबऱ्यावर पाय दिला की ओरडायचे. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी ते गेले, तापाने, मुलाच्या घरी, पलंगाखाली अंथरलेल्या गादीवर. बादली वरच होती म्हणतात. कमान आहे. मी अजून अधूनमधून तिकडे जाते, सांध्यावर जीभ लावायचं मात्र मला कधी जमलं नाही.

त्या दिवशी तिच्याखाली आम्ही पाच जण बसलो होतो. बाबा, सलीमभाई, सेक्रेटरी, यमुना आणि मी. पाचही जण जगलो.